पाण्याचा आणि शौचालयाचा हक्क वस्तीने कसा मागायचा: मोजणीपासून दाव्यापर्यंत

‘आमच्या वस्तीत पाणी येत नाही’ असा अर्ज दिला की पुढे काय होतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. टँकर येतो, आठवडाभर येत राहतो, मग बंद होतो आणि अर्जावर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडतो. विनंतीला एवढंच उत्तर मिळतं, कारण किती पाणी कमी पडतंय, किती मिळायला हवं आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची, यातलं काहीच विनंतीत नसतं. हक्काची मागणी नेमकी या तीन गोष्टींवर उभी राहते. त्या गोळा कशा करायच्या आणि कुठे, कोणत्या शब्दांत मांडायच्या, ते पुढे क्रमाने दिलं आहे. नळ असलेल्या शहरी वस्तीला ते लागू पडेल, तसंच एका विहिरीवर जगणाऱ्या गावालाही.

आधी हक्क नेमका काय आहे ते समजून घ्या

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बोलिव्हियाने मांडलेला ठराव क्रमांक ६४/२९२ मंजूर केला. बाजूने १२२ मतं पडली, विरोधात एकही नाही, ४१ देश तटस्थ राहिले. सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे, हे त्यात स्पष्ट शब्दांत आलं. आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात, असा आक्षेप तुम्हाला कधी ना कधी ऐकावा लागेल. त्याचं उत्तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मानवी हक्क परिषदेने देऊन ठेवलं आहे: हा हक्क पुरेशा राहणीमानाच्या हक्कातूनच निघतो, आणि तो आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या करारात आहे. ज्या देशांनी हा करार स्वीकारला, ते त्याला बांधील आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये आमसभेने स्वच्छतेला पाण्यापासून वेगळा, स्वतंत्र हक्क म्हणून मान्यता दिली. हे फार गरजेचं होतं. दोन्ही एकत्र असले की पैसे नळाला जातात आणि शौचालय ‘पुढच्या टप्प्यात’ जातं.

पण हातात ठेवायचा खरा उपयोगी दस्तऐवज आहे तो २००२ चा. वरच्या कराराची देखरेख करणाऱ्या समितीने तेव्हा काढलेली ‘सामान्य टिप्पणी क्रमांक १५’. पाणी पुरेसं हवं, सुरक्षित हवं, रंग-वास-चवीने वापरावंसं वाटेल असं हवं, प्रत्येकाला गाठता येईल असं हवं आणि परवडणारं हवं, या कसोट्या तिथून येतात. यात कुठेही पाणी फुकट असावं असं म्हटलेलं नाही. उद्या सकाळी घरोघर नळ लागावा असंही नाही. हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करायला सरकारला मुभा आहे. मात्र जगण्यापुरतं किमान पाणी आणि भेदभाव न करणं, या दोन गोष्टींना टप्पे नाहीत. त्या आजच लागू आहेत.

या हक्कात एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. तो वस्तीचा किंवा शहराचा नसून एकेका माणसाचा आहे. त्यामुळे ‘शहरात दरडोई सरासरी अमुक लिटर पाणी दिलं जातं’ हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. मोजणी करताना म्हणूनच शेवटच्या घरापासून सुरुवात करायची.

पहिली पायरी: नकाशा आणि माणसं

एका मोठ्या कागदावर वस्तीचा हाताने नकाशा काढा. प्रत्येक नळ, विहीर, हातपंप, टँकरची जागा, शौचालय, गटार आणि मैला सोडला जातो ती जागा त्यावर आली पाहिजे. मग त्यावर माणसं मांडा: कोणत्या घरात किती जण, कोण अंथरुणाला खिळलेलं, कोण काठीने चालतं, कोण भाडेकरू, कोणत्या गल्लीला नळावर येऊ दिलं जात नाही. हा शेवटचा प्रश्न चारचौघांत विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही. बायकांशी वेगळं बोला, मुलींशी त्याहून वेगळं. पाण्याला कोण जातं आणि रात्री शौचाला जायला कोण घाबरतं, हे त्यांनाच माहीत असतं.

दुसरी पायरी: पाणी किती मिळतं ते बादलीने मोजा

यासाठी दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. नळ पूर्ण सोडून बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. समजा ५० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२० लिटर. पाणी दोन तास येत असेल तर १,४४० लिटर. त्या नळावर १५० माणसं अवलंबून असतील, तर दरडोई ९.६ लिटर.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? भूकंप, पूर, युद्ध यांनी बेघर झालेल्यांच्या छावण्यांसाठी मदतकार्यातले ‘स्फिअर’ निकष जगभर वापरले जातात. त्यांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलं आहे. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, कपडे या सगळ्या गरजा नीट भागायला ५० ते १०० लिटर लागतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे संयुक्त राष्ट्रं सांगतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या वस्तीला आपत्तीतल्या छावणीएवढंही पाणी मिळत नाही. ‘पाणी कमी येतं’ आणि ‘आम्हाला निर्वासित छावणीच्या निकषाच्या दोन तृतीयांश पाणी मिळतं’ या दोन वाक्यांमधला फरक तुमच्या लक्षात येईल. दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

ही मोजणी एकदाच करून थांबू नका. उन्हाळ्यात वेगळी, पावसाळ्यात वेगळी, सुट्टीच्या दिवशी वेगळी. चढावरच्या शेवटच्या नळाची आणि मुख्य वाहिनीजवळच्या पहिल्या नळाची मोजणी एकाच वेळी, दोन माणसं लावून करा. एका टोकाला २० सेकंद आणि दुसऱ्या टोकाला तीन मिनिटं लागत असतील, तर प्रश्न पाण्याच्या टंचाईचा नाही, वाटपाचा आहे. मागणीही मग वेगळी होते.

वेळही मोजा. घरातून निघणं, रांगेत थांबणं, भरणं, परत येणं हे सगळं धरून ३० मिनिटांच्या आत झालं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेखीत ‘मूलभूत सेवा’ म्हणायला हीच मर्यादा आहे. त्याहून जास्त वेळ लागला तर पाणी कितीही चांगलं असलं तरी ती सेवा ‘मर्यादित’ ठरते. स्फिअरचा निकष अंतराचाही आहे: पाण्याची जागा घरापासून ५०० मीटरपेक्षा लांब नको, एका नळामागे २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, हातपंपामागे ५०० पेक्षा जास्त नकोत.

तिसरी पायरी: पाणी पिण्याजोगं आहे का

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक लढे याच ठिकाणी हरतात. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड असू शकतं, आणि गढूळ पाणी कधी कधी फक्त गढूळच असतं. डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हे जिवाणू अजिबात सापडता कामा नयेत. आर्सेनिक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, शिसंही तेवढंच, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट ५० मिलिग्रॅमपर्यंत. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते घरी पोहोचतं तेव्हाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवा. क्लोरीन वस्तीतच रंग बदलणाऱ्या साध्या किटने दोन मिनिटांत तपासता येतो. बाकीच्यासाठी प्रयोगशाळा.

नमुना कसा घ्यायचा, यावर सगळं अवलंबून असतं. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन तिच्यात आधीच घातलेलं असतं, म्हणून ती धुऊ नका. नळाचं तोंड स्पिरिटने पुसा, पाणी एक-दोन मिनिटं वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, बाटली काठोकाठ भरू नका. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. २४ तास उलटले तर तो नमुना विसरा.

शिशासाठी मात्र याच्या बरोबर उलट करायचं. पाणी किमान सहा तास नळात साचलेलं हवं आणि नळ उघडल्याबरोबर येणारं पहिलं लिटर घ्यायचं, आधी जराही वाहू न देता. शिसं नळातून आणि घराच्या जोडवाहिनीतून झिरपतं. पाणी वाहवून टाकलं की पुरावाही वाहून जातो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट शहरी हेच घडलं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली. वाहिन्या गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन त्यात घातलंच नाही. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी ठीक असल्याचं त्यांना सांगितलं जात होतं. सरकारी तपासणीत नमुना घेण्याच्या आदल्या रात्री काही मिनिटं नळ सोडून ठेवा, अशी सूचना रहिवाशांना दिली होती. ली-ॲन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईच्या घरच्या पाण्यात २०१५ च्या सुरुवातीला लिटरमागे १०४ आणि नंतर ३९७ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. तिथली कारवाईची मर्यादा १५ होती. मग रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने शहरभर घराघरांतून शेकडो नमुने स्वतः गोळा केले. त्यांच्या जोडीला डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पुढे आणले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला जुना स्रोत परत घ्यावा लागला. त्या रहिवाशांनी नमुने घेण्याची शिस्त पाळली नसती, तर त्यांचे आकडे एका पत्राने उडवून लावता आले असते.

ज्या वस्तीत पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं, तिथे आणखी एक काळजी घ्या. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यांतून आत शिरतं. म्हणून एक नमुना पाणी येताच पहिल्या काही मिनिटांतला आणि दुसरा अर्ध्या तासानंतरचा घ्या. शिवाय त्याच दिवशी घरातल्या साठवणीच्या भांड्यातलाही घ्या. ‘तुमची भांडीच घाण आहेत’ हे वाक्य ठरलेलं असतं. नळावरचा नमुना खराब निघाला तर ते वाक्य तिथेच संपतं. नळ चांगला आणि भांडं खराब निघालं, तर तेही मान्य करा आणि झाकण, तोटी, लांब दांड्याचा ओगराळा यावर वस्तीतच काम सुरू करा. स्वतःच्या बाजूचा दोष लपवला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहा, फोटो काढा, पोचपावती घ्या.

चौथी पायरी: शौचालय, आणि त्याच्या पुढचं सगळं

संयुक्त राष्ट्रांच्या या विषयावरच्या पहिल्या स्वतंत्र तज्ज्ञ कातारिना द आल्बुकर्की यांनी २००९ मध्ये स्वच्छतेची जी व्याख्या केली, ती मैला गोळा करण्यापासून वाहून नेणं, प्रक्रिया करणं आणि विल्हेवाट किंवा पुनर्वापर इथपर्यंत जाते. चार भिंती, दार आणि भांडं ही फक्त सुरुवात. २०२२ मध्ये जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांकडे सुरक्षित व्यवस्थापन असलेली स्वच्छतासेवा नव्हती. त्यांतल्या कितीतरी लोकांकडे शौचालय होतं; त्यांचा मैला पुढे उघड्या नाल्यात जात होता.

म्हणून तपासणी दोन भागांत करा. आधी दारापर्यंतचा भाग. पहाटे रांग असते तेव्हा जा आणि रात्री अंधार पडल्यावर पुन्हा जा. दुपारी पाहिलेलं शौचालय काहीच सांगत नाही. आतून कडी लागते का? दिवा आहे का, रस्त्यावर आहे का? आत पाणी, हात धुवायला साबण, पाळीचे पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? पायऱ्या किती? चाकाची खुर्ची आत वळते का, धरायला दांडा आहे का? लहान मूल एकटं बसू शकतं का? सामायिक शौचालयाला स्फिअरचा निकष एका भांड्यामागे २० माणसांचा आहे. बायकांसाठी पुरुषांच्या साधारण तिप्पट भांडी असावीत असंही तिथे सुचवलं आहे, आणि ते योग्यच आहे. बंद पडलेली भांडी मोजणीत धरू नका, कागदोपत्री ती नेहमी चालूच असतात.

मग जमिनीखालचा भाग. टाकी आहे की शोषखड्डा? शेवटचा उपसा कधी झाला? टाकीचं बाहेर पडणारं पाणी कुठे जातं? उपसणारी गाडी मैला कुठे रिकामा करते? हे विचारायला लोक संकोचतात, पण गाडीवाल्याशी नीट बोललं तर तो सांगतो. खड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत किमान ३० मीटर अंतर असावं आणि खड्ड्याचा तळ भूजल पातळीच्या किमान दीड मीटर वर असावा. खडकाला भेगा असतील तर एवढं अंतरही पुरत नाही. विहिरीत ई. कोलाय किंवा नायट्रेट सापडलं असेल, तर उत्तर बहुधा इथे मिळेल.

आणि टाकीत उतरणारा माणूस. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू काही श्वासांत माणसाला बेशुद्ध पाडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही तिथेच राहतो. वस्तीला स्वच्छ शौचालयाचा हक्क आहे आणि तो त्या माणसाच्या जिवावर भागवला जातोय, असं कधीच होऊ देऊ नका. मागणीपत्रात यंत्राने उपसा ही अट असलीच पाहिजे.

पाचवी पायरी: खर्च

दहा-बारा घरांचा महिनाभराचा हिशेब घ्या: पाणीपट्टी, टँकर, विकतची बाटली किंवा कॅन, फिल्टर, उकळायला लागणारं इंधन, पंपाची वीज, शौचालयाचे सुट्टे पैसे आणि पाण्यासाठी बुडलेली मजुरी. पाण्यावर घराच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च होऊ नये, हा ठोकताळा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००६ च्या मानव विकास अहवालात मांडला होता. हिशेबात सगळ्यात गरीब घरं आवर्जून घ्या. टँकरवर जगणारं घर बहुधा नळ असलेल्या घरापेक्षा लिटरमागे कितीतरी जास्त मोजत असतं.

सहावी पायरी: उत्तरदायी कोण ते ठरवा

सरकारची जबाबदारी तीन प्रकारची असते. आहे त्या पाण्यात स्वतः आडवं न येणं, इतरांना आडवं येऊ न देणं आणि जिथे नाही तिथे पुरवणं. तुमचा प्रश्न यांतल्या कोणत्या खणात बसतो, ते आधी ठरवा.

बोत्स्वानातला खटला पाहा. मध्य कलहारी अभयारण्यातल्या ‘सान’ या आदिवासी लोकांची मोथोमेलो इथली कूपनलिका सरकारने २००२ मध्ये बंद केली होती. त्यांनी सरकारकडे नवीन योजना मागितली नाही. आमच्याच कूपनलिकेचं पाणी आम्हाला आमच्या खर्चाने काढू द्या, एवढंच मागितलं. उच्च न्यायालयात ते हरले. जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात २०१० च्या आमसभेच्या ठरावाचा आधारही घेतला. कारखाना नदीत सांडपाणी सोडत असेल तर मागणी ‘आवर घाला’ अशी असते. वाहिनीच टाकलेली नसेल तर ‘पुरवा’. पुरवठा खासगी कंपनीकडे किंवा ठेकेदाराकडे दिला असला, तरी सरकारची जबाबदारी त्याच्यासोबत ठेक्यावर जात नाही.

सातवी पायरी: मागणीपत्र

दोन पानांपेक्षा मोठं नको. आकडे, त्यांच्यासमोर निकष, मग जबाबदार खात्याचं नाव आणि मग मागणी, तीही दोन भागांत: सात दिवसांत काय हवं (टँकरचं वेळापत्रक, क्लोरीन, तुटलेली कडी, दिवा) आणि कायमचं काय हवं, कोणत्या तारखेपर्यंत. नकाशा आणि प्रयोगशाळेचे अहवाल मागे जोडा. त्याच दिवशी माहितीच्या कायद्याखाली वेगळा अर्ज देऊन शेवटच्या पाच वर्षांचा खर्च, गुणवत्तेचे अहवाल आणि योजनेचे नकाशे मागवा. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

पत्रावर नावं कोणाची, याचा आधी विचार करा. भाडेकरूला घराबाहेर काढलं जाईल, रोजंदारीवरच्या सफाई कामगाराचं काम जाईल. अशांची साक्ष घ्या, नाव छापू नका.

उत्तरं साधारण तीनच येतात. ‘वस्ती बेकायदेशीर आहे’: टिप्पणी १५ च्या परिच्छेद १६ मध्ये स्पष्ट आहे की घराच्या किंवा जमिनीच्या दर्जावरून कोणालाही पाणी नाकारता येत नाही. वस्ती कायम करण्याचा वाद वेगळा चालू द्या, त्यात पाणी अडकवू देऊ नका. ‘बिल थकलं म्हणून तोडलं’: परिच्छेद ५६ प्रमाणे आधी सूचना, पूर्ण माहिती आणि दाद मागायची संधी द्यावी लागते, आणि किमान गरजेचं पाणी कोणत्याही परिस्थितीत तोडता येत नाही. ‘पैसे नाहीत’: मग टप्प्यांचा लेखी आराखडा दाखवा असं खात्याला सांगा, आणि उपलब्ध पैसा कोणत्या भागावर खर्च झाला तेही दाखवायला सांगा. तुमच्या माहिती अर्जाचं उत्तर इथे कामाला येतं.

आठवी पायरी: वरची दारं

खात्याने दाद दिली नाही तर नियामक, लोकायुक्त किंवा मानवी हक्क आयोग, आणि मग न्यायालय. आपल्या देशाची घटना काय म्हणते ते आधी बघा. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेच्या कलम २७ मध्ये पाणी आहे, उरुग्वेने २००४ मध्ये सार्वमताने ते घटनेत घातलं, स्लोव्हेनियाने २०१६ मध्ये. भारतासारख्या देशांत ते जीविताच्या हक्कातून वाचलं गेलं आहे.

न्यायालयाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे जोहान्सबर्गच्या सोवेतोतल्या फिरी वस्तीच्या मझिबुको खटल्यातून शिकावं. शहर प्रत्येक जोडणीला महिन्याला ६ हजार लिटर मोफत देत होतं, पुढचं पाणी आधी पैसे भरलेल्या मीटरवर. माणशी २५ लिटरचा हा हिशेब आठ माणसांच्या घराला जुळतो. फिरीत एकेका आवारात त्याहून कितीतरी जास्त माणसं राहत. उच्च न्यायालयाने माणशी ५० लिटर द्यायला सांगितलं, अपील न्यायालयाने ४२, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये घटना न्यायालयाने दोन्ही रद्द केले: लिटर ठरवणं न्यायालयाचं काम नाही, धोरण वाजवी आहे का एवढंच आम्ही बघू. मला हा निकाल पटत नाही. पण खटला चालू असताना शहराला आपलं धोरण पुन्हा पुन्हा सुधारावं लागलं, हे त्याच निकालात नोंदलेलं आहे. म्हणून याचिकेत लिटरच्या जोडीला हेही मांडा की धोरण ठरवताना कोणाला विचारलं नाही आणि कोणती घरं हिशेबातच धरली नाहीत.

संयुक्त राष्ट्रांत दोन वाटा आहेत. पाणी व स्वच्छता हक्कांच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे या विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, देशातले उपाय संपायच्या आधीही लिहिता येतं. पीडितांची संमती लागते, आणि ते सरकारला जाब विचारणारं पत्र पाठवू शकतात. दुसरी वाट १९६६ च्या कराराच्या ऐच्छिक पूरक कराराची, ज्याखाली त्या कराराच्या समितीकडे थेट तक्रार करता येते आणि जो २०१३ मध्ये अंमलात आला. ती तुमच्या देशाने तो स्वीकारला असेल तरच खुली, आणि देशातली सगळी दारं ठोठावून झाल्यावर एका वर्षाच्या आत.

मिळाल्यानंतर

नवीन नळाचं उद्घाटन झालं की गट विखुरतो आणि दोन वर्षांत वाहिनी पुन्हा कोरडी पडते. तसं होऊ नये म्हणून दोन माणसांवर दर महिन्याला शेवटच्या नळाची बादली-मोजणी आणि क्लोरीनची तपासणी सोपवा. जिवाणूंची तपासणी वर्षातून दोनदा, त्यातली एक पावसाळा सुरू झाल्यावर लगेच. शौचालयाच्या देखभालीच्या ठेक्याची प्रत मिळवा आणि त्यात ठरलेल्या सफाईच्या वेळा दारावर रंगवून घ्या. टाकीच्या उपशाची पुढची तारीखही तिथेच लिहा. सगळ्या नोंदी एका वहीत ठेवा, आणि अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्याच्या दोन महिने आधी त्या वहीवरून पुढचं मागणीपत्र तयार करायला बसा.